डीडीएफचं काम ताब्यात ठेवायचं कसं: डीबी२ फॉर झेड/ओएसवरच्या डिस्ट्रिब्युटेड कामाचं व्यवस्थापन

पणजी-पर्वरीच्या पट्ट्यात, वेर्ण्यात, नाहीतर थेट घरातल्या टेबलावरून परदेशातली मेनफ्रेम सांभाळणारे आपल्यापैकी काही जण आहेत. मशीन युरोपात आणि आपण मांडवीच्या काठावर. तिकडच्या उन्हाळी वेळेनुसार सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे साडेबारा झालेले असतात. इथे पानात शीतकडी पडते आणि तिकडे दिवसाच्या कामाची पहिली लाट उठते, दोन्ही एकदमच. त्याच सुमाराला मेनफ्रेमवरच्या डेटाबेसबद्दल फोन येतो, "डीबी२ स्लो आहे." बघायला गेलं तर सीआयसीएस (मेनफ्रेमवरचे ऑनलाइन व्यवहार चालवणारी प्रणाली) ठणठणीत असतं, बॅच वेळेत संपलेली असते आणि सीपीयूही बोंब मारत नसतो. अडकलेलं असतं ते जावा सर्व्हरवरून, मोबाइल ॲपवरून किंवा रिपोर्टिंग टूलवरून नेटवर्कने आलेलं काम, म्हणजे डीडीएफचं (डिस्ट्रिब्युटेड डेटा फॅसिलिटीचं) काम.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला हात मॅक्सडीबॅटवर, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या नेटवर्क थ्रेडच्या कमाल आकड्यावर, जातो. आकडा वाढवला, दोन दिवस बरं चाललं, परत तेच. माझं मत सांगतो: डीडीएफच्या दहा तक्रारींचं मूळ शोधलं तर बहुतेकांमागे एकच दुखणं निघतं. आलेलं काम कोणाचं हे मेनफ्रेमला ठाऊकच नसतं. सगळे एकाच यूजर आयडीने, एकाच ड्रायव्हर पॅकेजमधून (ड्रायव्हरच्या तयार एसक्यूएल संचातून) आत येतात. ज्याची ओळख नाही त्याला प्राधान्य देता येत नाही, मर्यादा घालता येत नाही आणि मोजताही येत नाही. म्हणून या लेखातला क्रम तसाच ठेवला आहे: ओळख, प्राधान्य, मग मर्यादा. क्रम उलटा केलात तर काम दुप्पट होतं.

काम आत येतं ते कसं

क्लायंट डीआरडीए प्रोटोकॉलने टीसीपी/आयपीवरून डीबी२च्या डिस्ट ॲड्रेस स्पेसकडे, म्हणजे नेटवर्कचं काम सांभाळणाऱ्या भागाकडे, येतो. डीबी२ त्याला एक डीबॅट देतं, म्हणजे डेटाबेस ॲक्सेस थ्रेड. ट्रॅन्झॅक्शनचं पहिलं एसक्यूएल आलं की त्या कामासाठी एक एन्क्लेव्ह, म्हणजे ते काम एकत्र मोजणारं एकक, तयार होतो. डब्ल्यूएलएम, म्हणजे वर्कलोड मॅनेजर, प्राधान्य देतो ते या एन्क्लेव्हला. डिस्ट ॲड्रेस स्पेसचं प्राधान्य ही वेगळी गोष्ट आहे.

हा फरक न कळल्यामुळे होणारा घोटाळा अनेक ठिकाणी दिसतो. "वेबवरून येणाऱ्या लोकांनी मशीन खाऊ नये" म्हणून कोणीतरी डिस्ट ॲड्रेस स्पेसलाच खालच्या सर्व्हिस क्लासमध्ये (प्राधान्याच्या गटात) टाकतं. वेबवाल्यांचं काम आपापल्या एन्क्लेव्हच्या गोलवर (ठरवून दिलेल्या उद्दिष्टावर) चालतं, त्यामुळे त्याला याने लगाम बसत नाही. उलट डिस्टची स्वतःची कामं, म्हणजे कनेक्शन स्वीकारणं, थ्रेड देणं-घेणं, ही रेंगाळतात आणि सगळ्यांनाच त्रास होतो. आयआरएलएम (डीबी२चे लॉक सांभाळणारा भाग) सिसएसटीसी या वरच्या सिस्टिम क्लासमध्ये ठेवा. एमएसटीआर, डीबीएम१ आणि डिस्ट हे डीबी२चे तिघे भाग इम्पॉर्टन्स १ (सर्वांत महत्त्वाचं) आणि चढ्या व्हेलॉसिटीच्या (फारसं न थांबता चालण्याच्या) क्लासमध्ये असू द्या. एवढं एकदा तपासलं की या विषयाकडे परत बघावं लागत नाही.

पहिली पायरी: कामाला ओळख द्या

डीबी२कडे क्लायंटची माहिती ठेवणारी स्पेशल रजिस्टर्स आहेत: क्लायंट ॲप्लनेम, क्लायंट यूजरआयडी, क्लायंट वर्कस्टेशननेम आणि क्लायंट अकाउंटिंग. ॲप्लिकेशनने ही भरली नाहीत तर ड्रायव्हर स्वतःच्या मनाने काहीतरी भरतो, आणि मग डिस्प्ले थ्रेडमध्ये ओळीने एकसारखी नावं दिसतात.

जावामध्ये हे काम सेट-क्लायंट-इन्फो या मेथडने होतं. ॲप्लिकेशन सर्व्हरच्या डेटासोर्समध्येही प्रॉपर्टी म्हणून नाव देता येतं, मग कोडला हात लावावा लागत नाही. माझा अनुभव असा की डेव्हलपर टीमकडे कोडमधला बदल मागितला तर पुढच्या रिलीजची तारीख मिळते, आणि डेटासोर्समधला बदल मागितला तर संध्याकाळपर्यंत होतो. दुसरं पाहिजेच तर डब्ल्यूएलएम_सेट_क्लायंट_इन्फो नावाचं स्टोअर्ड प्रोसीजर डीबी२बरोबरच येतं.

इथे वेळेचा एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एन्क्लेव्हचं वर्गीकरण ट्रॅन्झॅक्शनच्या पहिल्या एसक्यूएलवेळी होतं आणि तो एन्क्लेव्ह असेपर्यंत तेच टिकतं. ॲप्लिकेशनने आधी एक सिलेक्ट मारला आणि मग स्वतःचं नाव सांगितलं, तर त्या ट्रॅन्झॅक्शनपुरती गाडी चुकली. पॅकेजच्या नावाने वर्गीकरण करत असाल तरी पहिलंच पॅकेज मोजलं जातं. प्रोसीजरच्या नावाने करत असाल तर पहिलं स्टेटमेंट कॉल असायला हवं.

नावं ठरवताना हात आखडता घ्या. "नेटबँक", "मोबाइल", "रिपोर्ट", "इंटरफेस" अशी मोजकी आणि स्थिर नावं पुरतात. एका प्रोजेक्टमध्ये नावातच बिल्ड नंबर घालायचे. दर रिलीजला डब्ल्यूएलएमचे नियम हुकायचे आणि ते कोणाच्या लक्षातही यायचं नाही. यूजर आयडीही प्रत्येक ॲप्लिकेशनला वेगळा मागून घ्या. सिक्युरिटीवाले कुरकुर करतील, पण पुढे प्रोफाइल लावताना हाच आयडी कामी येतो.

दुसरी पायरी: डब्ल्यूएलएमचे नियम

डब्ल्यूएलएमच्या पॉलिसीत डीडीएफ हा स्वतंत्र सबसिस्टम टाइप आहे. तिथे नियमच लिहिले नसतील तर डीडीएफचं काम सिसअदर या क्लासमध्ये जातं, आणि सिसअदर डिस्क्रिशनरी असतो. म्हणजे सगळ्यांचं भागून उरलं तर याला. मशीन रिकामी असते तेव्हा हे कळतही नाही. महिनाअखेरीला सीपीयू भरला की मोबाइल ॲप अचानक झोपतं, आणि नेटवर्कवाले-डीबीएवाले एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. म्हणून कोणत्याही नव्या ठिकाणी काम हातात घेतलं की आरएमएफच्या (मेनफ्रेमच्या मोजमापाच्या साधनाच्या) वर्कलोड ॲक्टिव्हिटी रिपोर्टमध्ये सिसअदरखाली काही दिसतं का, हे आधी बघा.

नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की शोध थांबतो. माझी मांडणी साधारण अशी असते. वरच्या पातळीवर सबसिस्टम इन्स्टन्स, म्हणजे कोणतं डीबी२. त्याच्या आत प्रोसेस नेम, कारण क्लायंट ॲप्लनेममधलं नाव तिथे येतं. नाव मिळालं नाही तर यूजर आयडी. शेवटी त्या सबसिस्टमसाठी एक साधारण मध्यम क्लास, ज्यात अनोळखी काम पडेल. त्याला वेगळा रिपोर्ट क्लासही द्या. त्यात काम वाढायला लागलं की समजायचं, कोणीतरी नवीन ॲप्लिकेशन न सांगता जोडलं आहे.

छोट्या ऑनलाइन कामासाठी पर्सेंटाइल रिस्पॉन्स टाइमचा गोल सर्वांत चांगला. उदाहरणादाखल एक तीन पीरियडचा क्लास बघू. पहिल्या पीरियडमध्ये ९० टक्के कामं ०.५ सेकंदात, इम्पॉर्टन्स २. ठरलेली सर्व्हिस युनिट्स खर्च झाली की दुसरा पीरियड, ८० टक्के ३ सेकंदांत, इम्पॉर्टन्स ३. तिसऱ्यात व्हेलॉसिटी २०, इम्पॉर्टन्स ४. छोटी चौकशी पहिल्या पीरियडमध्येच संपते. कोणी वर्षभराचं स्टेटमेंट मागितलं तर ते आपोआप खाली सरकतं. हे आकडे उचलून लावू नका. आधी आरएमएफमधलं प्रत्यक्ष रिस्पॉन्सचं वितरण बघा आणि त्याच्या आसपास गोल ठेवा. गाठताच येणार नाही असा गोल लावला की डब्ल्यूएलएम काही वेळाने त्या क्लाससाठी धडपड करणं सोडतो.

शेवटचा पीरियड डिस्क्रिशनरी ठेवण्याचा मोह होतो. माझा त्याला विरोध आहे. डीडीएफमधलं जड काम लॉक आणि लॅच धरून बसलेलं असू शकतं. त्याला सीपीयूच मिळाला नाही तर त्याच्यामागे उभी असलेली इम्पॉर्टन्स १ची सीआयसीएस ट्रॅन्झॅक्शनही थांबते. रिपोर्टवाल्यांना शिक्षा करायला जाऊन काउंटरवरचा माणूस खोळंबतो.

हे पीरियड नीट चालायला एक अट आहे: सीएमटीस्टॅट हा झेडपार्म (डीबी२ची सेटिंग) इनॲक्टिव्ह हवा. मग कमिटला एन्क्लेव्ह संपतो आणि प्रत्येक ट्रॅन्झॅक्शन नव्याने मोजली जाते. ॲक्टिव्ह असेल तर एकच एन्क्लेव्ह थ्रेडच्या जन्मापासून मरणापर्यंत चालतो. तिथे रिस्पॉन्स टाइमला अर्थ उरत नाही, एका पीरियडची व्हेलॉसिटीच लावावी लागते.

नवे नियम चालू केल्यावर परफॉर्मन्स इंडेक्स बघत राहा. १च्या वर म्हणजे गोल चुकतोय. कायम १च्या पुष्कळ खाली असेल तर गोल फार ढिला आहे आणि गर्दीच्या वेळी याच क्लासमधून सीपीयू काढून घेतला जाईल.

तिसरी पायरी: डीबॅटचा पूल समजून घ्या

चोडणची फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. धक्क्यावर उभ्या गाड्या म्हणजे कनेक्शन्स, बोटीवरची जागा म्हणजे डीबॅट. पलीकडे पोचल्यावर गाड्या उतरल्या, म्हणजे कमिट झालं, तर तीच जागा पुढच्यांना मिळते. म्हणून थोड्या डीबॅटवर हजारो कनेक्शन्स चालतात. एखादी गाडी उतरायलाच तयार नसेल तर मात्र धक्क्यावरची रांग वाढत जाते.

डीबी२ १२मध्ये मॅक्सडीबॅटची मूळ किंमत २०० आणि कॉनडीबॅटची (कनेक्शन्सच्या कमाल संख्येची) १०,००० आहे. स्थिती बघायला ही कमांड:

-डिस्प्ले डीडीएफ डिटेल

उत्तरात डीएसएनएल०९०आय ते डीएसएनएल०९३आय या मेसेजमध्ये आपल्या कामाचे आकडे असतात. समजा असं दिसलं: एमडीबॅट २००, एडीबॅट २००, क्यूईडीबॅट ४८१५, कॉनक्यूड ३७, डीएससीडीबॅट ०. म्हणजे दोनशेच्या दोनशे डीबॅट कामात आहेत, पूलमध्ये रिकामा एकही नाही आणि या क्षणी ३७ कनेक्शन्स रांगेत आहेत. क्यूईडीबॅट हा डीडीएफ सुरू झाल्यापासूनचा साठत जाणारा आकडा आहे, त्यामुळे एकटा बघून घाबरू नका. पंधरा मिनिटांनी परत बघा आणि फरक काढा.

आता मॅक्सडीबॅट वाढवायचा का? त्याआधी ते दोनशे थ्रेड काय करताहेत ते बघा:

-डिस्प्ले थ्रेड(*) लोकेशन(*) डिटेल

बरेचसे थ्रेड काहीच करत नसतील, क्लायंटची वाट बघत असतील, तर रोग दुसरीकडे आहे. न उतरणाऱ्या गाड्यांची कारणं ठरलेली आहेत. विथ होल्ड कर्सर उघडा राहिला. डिक्लेअर्ड ग्लोबल टेम्पररी टेबल ड्रॉप केलं नाही. पॅकेज कीपडायनॅमिक(येस) ने बाइंड केलं. लॉब लोकेटर धरून ठेवला. आणि सर्वांत जास्त आढळणारं: ऑटोकमिट बंद करून फक्त सिलेक्ट मारायचे आणि कमिट करायचाच नाही. "आम्ही तर काही अपडेटच करत नाही, कमिट कशाला?" हे वाक्य मी पुण्याच्या टीमकडून ऐकलं आहे, बंगळुरूच्या टीमकडून ऐकलं आहे आणि पर्वरीत शेजारच्या टेबलावरूनही ऐकलं आहे. कमिट होईपर्यंत डीबॅट सुटत नाही, हे त्यांना एकदा डिस्प्लेच्या पडद्यावर दाखवावं. समजावण्यात तास घालवण्यापेक्षा ते बरं.

अशा रिकामटेकड्यांसाठी आयडीथटॉइन आहे, मूळ किंमत १२० सेकंद. तेवढा वेळ ॲक्टिव्ह थ्रेड निष्क्रिय राहिला की डीबी२ त्याला काढून टाकतं आणि लॉगमध्ये ००डी३००३बी हा रीझन कोड दिसतो. तो शून्य करून तक्रार मिटवणारे असतात. तसं करू नका. हा कोड म्हणजे कोणत्या ॲप्लिकेशनला कमिटची शिस्त नाही याची फुकटात मिळणारी यादी आहे.

सगळे थ्रेड खरोखर कामात असतील आणि डीबीएम१ची व्हर्च्युअल मेमरी व मशीनची रिअल मेमरी मोकळी असेल, तरच मॅक्सडीबॅट वाढवा.

हाय परफॉर्मन्स डीबॅट: कोणाला द्यायचे

डीबी२ १०पासून रिलीज(डीॲलोकेट) ने बाइंड केलेलं पॅकेज वापरणारा डीबॅट कमिटनंतर पूलमध्ये परत जात नाही, त्याच कनेक्शनपाशी राहतो. पॅकेज आणि टेबलस्पेसचे लॉक दरवेळी सोडून परत घ्यायचा खर्च वाचतो. सेकंदाला शेकडो छोट्या ट्रॅन्झॅक्शन मारणाऱ्या ॲप्लिकेशनला याचा चांगला फायदा होतो. असा डीबॅट २०० वेळा वापरला की डीबी२ तो बंद करून नवीन बनवतं.

गोम अशी की ड्रायव्हरची पॅकेजेस नलआयडी कलेक्शनमध्ये असतात आणि सगळेच ती वापरतात. तिथेच रिलीज(डीॲलोकेट) केलं तर दिवसातून चार क्वेऱ्या मारणारंही एक-एक डीबॅट अडवून बसेल. त्यापेक्षा नलआयडी रिलीज(कमिट) वर ठेवा. दुसऱ्या कलेक्शनमध्ये त्याच पॅकेजेसची प्रत रिलीज(डीॲलोकेट) ने बाइंड करा आणि फक्त त्या धावपळीच्या ॲप्लिकेशनच्या डेटासोर्समध्ये करंट पॅकेज सेट म्हणून ते कलेक्शन द्या. डीडीएलचं किंवा रीबाइंडचं काम अडायला लागलं तर -मॉडिफाय डीडीएफ पीकेजीरेल(कमिट) द्या, काम झालं की पीकेजीरेल(बीएनडीओपीटी) वर परत या.

चौथी पायरी: प्रोफाइलने मर्यादा

मॅक्सडीबॅट सगळ्यांना मिळून एक आहे. रिपोर्टिंग टूलने त्यातले १५० खाल्ले तर मोबाइलवाल्यांनी काय करायचं? यासाठी डीएसएन_प्रोफाइल_टेबल आणि डीएसएन_प्रोफाइल_ॲट्रिब्यूट्स ही दोन टेबलं आहेत. पहिल्यात कोण ते लिहायचं, म्हणजे यूजर आयडी, आयपी ॲड्रेस, क्लायंट ॲप्लनेम वगैरे. दुसऱ्यात काय ते: मॉनिटर थ्रेड्स, मॉनिटर कनेक्शन्स किंवा मॉनिटर आयडल थ्रेड्स. पहिल्या पायरीत मागून घेतलेला वेगळा यूजर आयडी इथे उपयोगी पडतो.

रिपोर्टच्या आयडीसाठी ४० थ्रेडची मर्यादा हवी असेल तर कीवर्ड मॉनिटर थ्रेड्स, ॲट्रिब्यूट१ मध्ये वॉर्निंग_डायगलेव्हल२ आणि ॲट्रिब्यूट२ मध्ये ४०. मग -स्टार्ट प्रोफाइल. आधी वॉर्निंगच लावा, निदान एक महिनाअखेर जाऊ द्या आणि कन्सोलवर डीएसएनटी७७२आय किती वेळा येतो ते बघा. आकडा योग्य वाटला की मगच वॉर्निंगच्या जागी एक्सेप्शन. एक्सेप्शनमध्ये मर्यादेपुढची कामं रांगेत थांबतात आणि रांगही भरली की नकार मिळतो. थेट एक्सेप्शनने सुरुवात करणं म्हणजे रात्रीची झोप स्वतः होऊन विकणं. डेटा शेअरिंग ग्रुपमध्ये (एकच डेटा वापरणाऱ्या अनेक डीबी२मध्ये) ही मर्यादा प्रत्येक मेंबरवर वेगळी मोजली जाते, हेही हिशोबात धरा.

एकाच बेफाम क्वेरीला आवरायला रिसोर्स लिमिट फॅसिलिटी वेगळी आहे. मिडलवेअरसाठीच्या तिच्या टेबलात क्लायंटच्या नावाने सीपीयूची मर्यादा लावता येते. ती ओलांडली की क्वेरीला -९०५ मिळतो.

झिप प्रोसेसरची नड

टीसीपी/आयपीवरून आलेलं डीआरडीए काम एन्क्लेव्ह एसआरबीमध्ये (झेड/ओएसमधल्या हलक्या कामाच्या प्रकारात) चालतं आणि त्यातलं ६० टक्क्यांपर्यंत झिपवर, म्हणजे ठरावीक कामांसाठीच्या खास प्रोसेसरवर, जाऊ शकतं. नेटिव्ह एसक्यूएल प्रोसीजरनाही हा लाभ मिळतो. कोबॉल किंवा सीमधली एक्स्टर्नल प्रोसीजर टीसीबीवर (नेहमीच्या टास्कवर) चालतात, त्यांना तो नाही. आरएमएफमध्ये आयआयपीसीपी हा आकडा बघा. झिपवर जाऊ शकणारं पण नाइलाजाने साध्या प्रोसेसरवर चाललेलं काम ते. डीबी२ १०पासून प्रीफेचही झिपवर चालतं, म्हणून झिप तुंबला तर बॅचसुद्धा हळू होते, आणि बॅचवाला झिपकडे कधी बघत नाही.

मोजमाप: वेळ गेला कुठे

अकाउंटिंग रेकॉर्ड, म्हणजे मेनफ्रेमच्या एसएमएफ नोंदींतला १०१ हा प्रकार, यातले क्लास १, २ आणि ३ चालू हवेत. समजा एका ट्रॅन्झॅक्शनचा क्लास १ इलॅप्स्ड ४.२ सेकंद, क्लास २ इलॅप्स्ड ०.३ सेकंद. म्हणजे डीबी२च्या आत फक्त ०.३ सेकंद गेले, बाकीचे ३.९ नेटवर्कवर किंवा ॲप्लिकेशनमध्ये. इथे इंडेक्स बनवून काही होणार नाही. बहुधा लूपमध्ये एकेक रो मागवणारा कोड सापडेल. फेच साइज वाढवा, वाचायच्या क्वेरीला फॉर फेच ओन्ली लावा म्हणजे ब्लॉक फेच मिळेल, इन्सर्ट बॅचमध्ये करा.

उलट क्लास २च मोठा असेल तर त्यातून सीपीयू आणि क्लास ३ची वाट वजा करा. क्लास ३मध्ये लॉक, आय/ओ, लॉग राइट असं वेगवेगळं दिसतं. वजाबाकीनंतरही बराच वेळ हिशोबाबाहेर राहिला तर काम प्रोसेसरच्या रांगेत उभं होतं. मग परत डब्ल्यूएलएमकडे किंवा झिपकडे. स्टेटमेंट लिटरलसकट येत असतील तर डायनॅमिक स्टेटमेंट कॅशचा उपयोग शून्य होतो, हेही इथेच सीपीयूत दिसतं. पॅरामीटर मार्कर वापरायला लावा. कोड बदलता येत नसेल तर ड्रायव्हरमधला स्टेटमेंट कॉन्सन्ट्रेटर चालू करा.

ॲक्युमॅक हा झेडपार्म मात्र तपासा. त्याची मूळ किंमत १० आहे, म्हणजे दहा कामांचा हिशोब एका रेकॉर्डमध्ये गोळा होतो. एसएमएफचा पसारा कमी होतो, पण एकच काम ४० सेकंद अडकलं असेल तर ते सरासरीत विरघळतं. तपास चालू असताना तो नो करून घ्या.

साडेबाराला फोन आला तर

आधी डिस्प्ले डीडीएफ डिटेल. कॉनक्यूड शून्य असेल तर पूलचा प्रश्न नाही, अकाउंटिंगकडे वळा. रांग असेल तर डिस्प्ले थ्रेडमध्ये कोणाच्या नावाचे थ्रेड जास्त आहेत ते मोजा आणि ते कामात आहेत की निवांत, ते पाहा. निवांत असतील तर ॲप्लिकेशनवाल्यांना फोन, त्यांच्या एका सर्व्हरचा कनेक्शन पूल रीसेट करायला सांगा. कामात असतील पण पुढे सरकत नसतील तर लॉक किंवा सीपीयू. आरएमएफ मॉनिटर ३मध्ये त्या सर्व्हिस क्लासला कशाची वाट बघावी लागतेय ते मिनिटभरात दिसतं.

एखादा थ्रेड कॅन्सल करायची वेळ आलीच तर टोकन घेऊन -कॅन्सल थ्रेड देता येतं. पण त्याने आतापर्यंत किती अपडेट केलेत ते आधी बघा. तासभर कमिटशिवाय चाललेलं काम मारलं तर रोलबॅकलाही तसाच वेळ लागेल, आणि तेवढा वेळ त्याचे लॉक सुटणार नाहीत. अशा वेळी कधीकधी त्याला डब्ल्यूएलएमच्या रीसेटने वरच्या सर्व्हिस क्लासमध्ये नेऊन लवकर संपू देणं हाच जवळचा रस्ता असतो.